येतो हं

वादी कबीरला, गालिच्यांच्या गोदामात आमची तालीम.
शुक्रवारी दुपारी मालक झोपलेला असतो
आणि गुंडाळून ठेवलेले गालिचे
आमचे विनोद गिळून टाकतात.
माझं काम पाहुण्याचं. दुसऱ्या अंकात
नऊ वेळा म्हणायचं, "येतो हं",
आणि जायचं नाही.

मी नऊही वेळा सारखंच म्हणालो.
उठायचं, पिशवी उचलायची, लोक हसतील. सोपं तर आहे.
सुमित्राबाई टिपणीस चष्मा पुसत म्हणाल्या,
"शब्द पाठ झालेत रे तुझे. माणूस कुठंय?
पहिला येतो म्हणजे, चहा टाका.
तिसरा म्हणजे, तुमचा जावई काही मला पटला नाही.
सहावा? सहाव्याचं काय, सांग."
मी वहीत पाहिलं. कंसात एवढंच होतं: उठतो.

तेवढ्यात विंगेतून परकारचाचा.
आमचे प्रॉम्प्टर. मूळ हर्णैचे,
एकोणतीस वर्षं मत्रहच्या बंदरात स्टोअरकीपर.
"सहावा म्हणजे," ते म्हणाले, "त्याला जायला घर नाय.
पण ते यजमानाला कळता नये.
म्हणून तर तो पिशवी येवढी जोरात झटकतो."

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
बाईंनी पेन्सिलीने काही लिहिलं, मग खोडलं.

जाताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं,
एवढं व्याकरण शाळेआधीच शिकलो होतो आम्ही.
माझा येतो वेंगुर्ल्याच्या स्टँडवर पडलाय,
आईने मोजून दिलेल्या सुट्ट्या पैशांत.
चाचांचा हर्णैच्या जेटीवर;
मासळीच्या लिलावात
कुणाला नीट ऐकूही गेला नसेल.

मी उठलो. पिशवी झटकली. "येतो हं."
दारातला बलुची हमाल,
ज्याला मराठीतला म येत नाही,
खदखदून हसला.
"हां," बाई म्हणाल्या, "आता सातवा घे."

सात वाजता तालीम सुटली.
चाचांनी वही मिटली, चप्पल शोधली,
"चला, येतो हां," म्हणाले
आणि गालिच्यांच्या राशीवर
पाय हलवत बसून राहिले,
पुढच्या शुक्रवारी समोसे कोण आणणार, विचारत.
मी काही मोजत नव्हतो,
पण तो त्यांचा चौथा असावा.