विसण

फेब्रुवारी संपत आला की हडर्सफील्डच्या आमच्या चढावर
सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात,
मिठाच्या.
रात्री कौन्सिलचा ट्रक रस्त्यावर मीठ भुरभुरत जातो,
सकाळी दारांवर, चाकांवर, नंबरप्लेटवर
पांढरी खरपुडी.

पहिल्या वर्षी मी सरळ किटली उकळून आणली.
वाटलं, करपलेलं पातेलं निघतं कढत पाण्याने,
गाडीचं काय एवढं.
वाफाळती बादली पाहून
कुंपणापलीकडून क्लिफर्ड हेग ओरडले,
"गाडी धुतेयस की कोंबडी सोलतेयस, पोरी?"

मग कुंपणाला रेलून शिकवणी.
कढत पाणी पत्र्यावरचं मेण खातं,
मेण गेलं की रंग उघडा पडतो.
गोठलेल्या काचेवर तर थेंबही नको,
तडकते.
गार पाण्यात साबण नुसता नाचतो,
ग्रीस ढिम्म हलत नाही,
आणि बोटं गारठली की माणूस कोपरे सोडून देतो.
तू नाही सोडणार?
(मी सोडणार.)
उन्हाने तापलेल्या गाडीवर गार पाणी ओतायचं नाही,
असंही म्हणाले,
मग आम्ही दोघांनी वर बघितलं
आणि हसलो.

"किती हवं मग?"
"रक्ताइतकं. किंवा त्याहून किंचित कमी."

कोल्न नदीच्या काठी रंगारखान्यात त्यांची छत्तीस वर्षं.
थर्मामीटर होता तिथे, भिंतीवर, साहेबांसाठी.
हेग बोट बुडवायचे.
त्रेचाळीस. अजून दोन. हां, आता सोडा लोकर.
निळ्याची बोटं वेगळी, म्हणायचे, लालाची वेगळी.
मला अजून कळलेलं नाही म्हणजे काय.

मी म्हटलं, आमच्याकडे एक शब्द आहे.
विसण.
कढत पाण्यात घालायचं गार पाणी.
नुसतं गार नव्हे, गार तर नळालाही येतं.
शेजारी कढत असेल
तेव्हाच त्याला हे नाव.
धाकट्याला न्हाऊ घालताना आई पाण्यात कोपर बुडवायची,
माझ्याकडे न बघता म्हणायची,
विसण घाल गं.

टोपी मागे सरकवून त्यांनी बराच वेळ
इंग्रजीत शोधलं.
"नाही बुवा.
आम्ही नुसतंच पाणी घालतो."

यंदा रविवारी दाराची बेल वाजली.
हेग. एका हातात बादली,
मागे त्यांची हिरवी रोव्हर, मिठाने म्हातारी.
"जरा बघतेस का?"
"काय?"
"पाणी."

उपचारांत बोटांची टोकं गेली, म्हणाले,
बस चुकली म्हणावं तसं.
उजव्या तळव्यावर फोड होता, फुटलेला.
किटलीचा.
"परवाचा. रात्री दिसला."

मी बाही वर केली.
भर रस्त्यात, वाऱ्यात, कोपर बादलीत,
समोरच्या घरातला मुलगा खिडकीत येऊन बघतोय.
चटका.
"विसण," मी म्हटलं.
त्यांनी विचारलं नाही काय ते.
वाकून दुसरा तांब्या उचलला,
तांब्या कसला, दुधाचा जुना जग,
आणि थांबले माझ्या तोंडाकडे बघत.

घाला.
अजून.
अजून थोडं.
पुरे.

मग टपापासून सुरुवात, वरून खाली,
त्यांच्या नियमाप्रमाणे.
मी स्पंज पिळत गेले, ते पुसत गेले,
पाणी उतारावरून करड्या ओघळांनी
कोपऱ्यावरच्या जाळीपर्यंत गेलं.
ओल्या कोपराला वारा झोंबत होता.

झाली, मी म्हटलं.
हेग गुडघ्यावर बसले,
मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीखाली
हात घातला,
"इथं राहिलंय मीठ."
मला दिसलं नव्हतं.