भोक

माझा बाप होड्यांची भोकं बुजवायचा.
कापसाची वात, डांबर, लाकडी मोगरी,
आणि फळीला कान लावून बसणं, तासन् तास.
म्हणायचा, आत यायच्या आधी पाणी बोलतं.
आज ब्रिटोन्याच्या धक्क्याला
मी एका धडधाकट बोटीला
मुद्दाम भोक पाडायला आलोय.

एर्मेलिंद बाय ड्रिलकडे बघते.
‘भोक? म्हज्या बोटीक?’
सदतीस वर्षं औषधाच्या दुकानात थेंब मोजलेली बाई.
पेन्शनीतून शिडाची बोट घेतली, नाव ठेवलं पिसोळें.
पाऊस सरला की एकटी निघणार,
कारवार, मग मंगळूर, पुढचं पुढे.
आणि नुस्त्याची कडी काही वाऱ्यावर शिजत नाही.

मी म्हणतो, घरचा गॅस आठव.
वास आला, खिडक्या उघडल्या,
दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, झालं.
बोटीत तसं नाही, बाय.
हा वायू हवेपेक्षा जड.
पाण्यासारखा उतरतो,
पायरीवरून, अंथरुणाखालून, तक्तपोशीच्या फटीतून
थेट तळात, इंजिनाच्या पायाशी,
आणि बसून राहतो
एका ठिणगीची वाट बघत.
जी बोट थेंबभर पाणी आत घेत नाही
ती ओंजळभर वायू बाहेर सोडत नाही.
बापाची सगळी विद्या इथे उलटी फिरते.

म्हणून मागे, उघड्यावर, ही पेटी.
झाकण फक्त वरून. आतल्या बाजूला
सुई जाईल एवढीही फट नाही.
दोन टाक्या, उभ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या.
पेटीच्या तळाला अंगठ्याएवढं भोक,
त्याला नळी, सतत उतरती.
मध्ये पोट सुटलं तर पाणी साचेल,
पाणी साचलं की दार बंद.
नळीचं तोंड बाहेर, पाण्याच्या वर,
बोट कलली तरी वर.
‘किती कलते?’
बाय हात तिरका करते. ‘इतकी.
भिले तर इतकी.’
भीतीच्या खुणेवर चार बोटं वाढवून
मी ड्रिल लावतो.

मग पेटीत तांब्याभर पाणी ओततो.
वायू दिसत नाही, पाणी दिसतं, वाट एकच.
पाणी वळतं, घुटमळतं, एका कोपऱ्यात रेंगाळतं
(तो कोपरा पुन्हा घासावा लागला, अर्धा दिवस गेला)
आणि मग सुरसुरत मांडवीत.

टाकीपासून शेगडीपर्यंत नळी अखंड,
मध्ये कुठे लपलेला सांधा नाही.
टोकांना साबणाचा फेस फासून
आम्ही दोघं गुडघ्यांवर, बुडबुडा शोधत.
एक येतो. पाना अर्धा आटा फिरतो.
पुन्हा फेस. आता येत नाही.

‘तरी कधी वास आला ना, बाय...’
‘वास येत नाही मला,’ ती म्हणते.
‘त्या तापात नाक गेलं ते गेलंच.
सुकं करपलं तर शेजारीण ओरडते.’

मी पाना खाली ठेवतो.
वीस वर्षं घराघरांत हेच सांगत आलो, नाकावर भरवसा ठेवा.
या वायूला स्वतःचा वास नसतो,
कुणीतरी मिसळतो, माणसांना कळावं म्हणून.
तेवढी माया हिच्यापर्यंत पोचतच नाही.
आणि समुद्रात शेजारीण कुठली?

दुसऱ्या दिवशी मी तळात घोट्याखाली एक यंत्र बसवतो.
लायटर न पेटवता त्याच्यापाशी दाबतो,
पिसोळें अशी किंचाळते
की धक्क्यावरचे बगळे उडतात.
शेगडीजवळ एक बटण, दाबलं की टाकीपाशीच गॅस थांबतो.
शिजलं की आधी बटण, मग जेवण.
बाय ते तीनदा म्हणून दाखवते,
गिऱ्हाइकाला डोस सांगावा तशी.

पहिला जाळ निळा. चहा फार गोड.
मी बिल लिहितो: पेटी एक, नळी साडेचार मीटर,
यंत्र एक, भोक एक.
ती चष्मा वर करते.
‘भोकाचे पैसे घेतोस?’
‘बाप बुजवायचे घ्यायचा.’