खारं की गोडं

बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी
गुनवोर बोटाने चाखते.
खारं असतं तर समुद्र.
हे गोडं.
टाकी तर केव्हाचीच कोरडी. म्हणजे पाऊसच.

फळ्यांवर ती टाल्कम पावडर भुरभुरते
आणि बॅटरी धरून बसते.
डेकवर ओलेसुनचा पाऊस, रात्रभर.

पहाटे पावडरीत एक रेघ,
मुंगी चालत गेल्यासारखी.
बिछान्यापासून मागे मागे जावं तर
कपाटाआडून, छताच्या कडेकडेने,
डोलकाठीपाशी नाहीच
(तिच्यावर उगाच आळ)
पार पुढे, एका पितळी स्क्रूपाशी.

हा आयनारचा.
टोपीसाठी खुंटी हवी म्हणून
शीळ घालत पिळत गेला होता,
डेकच्या आरपार.

ती स्क्रू काढते. भोकात सीलंट भरते,
अंगठ्याने दाबून धरते,
लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.

मग आखूड स्क्रू. खुंटी तिथेच.
टोपी अजून ओली.