ठेंगा

रावपुऱ्यातल्या दुकानात
जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला.
भिंगात बुरशी. अकराशे म्हणाला.
बाकीचे हप्त्यांनी.
पट्टा मात्र मी सोडवून घेतला,
घामानं काळा पडलेला.

नवा हलका आहे. आवाजच नाही त्याला.
खंडेराव मार्केटात
झेंडूच्या ढिगामागे बसलेल्या कपिलाबेनचा
एक काढला,
आणि अंगठा आपसूक
उजवीकडच्या लिव्हरकडे गेला,
रीळ पुढे सरकवायला.
तिथे काहीच नव्हतं.
हवेतच वळला.

बावीस वर्षं हा अंगठा
बँकेत नोटा मोजत होता;
मला वाटलं, विसरला असेल.

"कोने ठेंगो बतावो छो, काका?"
ती हसली.

दुसरा काढला, हसतानाचा.
अंगठा पुन्हा गेलाच.