शेवटची सोळा पानं

रविवारी त्रिस्तान नार्वाखाच्या रस्त्यावर माझं टेबल असतं.
डावीकडे जुने नळ आणि कुलपं,
उजवीकडे पिंजऱ्यातले पोपट,
मधे मी, काखेत गरम पाण्याचा थर्मास,
समोर तीनेकशे पुस्तकं,
प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर एखादा तरी जास्तीचा चंद्र.

प्राध्यापक एचेनिके थांबतात,
मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं एखादं उचलतात,
म्हणतात, "नेलिदा, वय झालं. आता तरी साहित्य वाच."
साहित्य म्हणजे त्यांच्या लेखी
एक स्वयंपाकघर, एक न बोलणारा नवरा,
आणि शेवटी खिडकीबाहेर बघणं.
वाचते की तेही, मी म्हणते.
पण यानातही स्वयंपाकघर असतं, प्राध्यापक,
तिथंही कुणीतरी न बोलणारं असतं,
फक्त खिडकीबाहेर बघायला जरा जास्त असतं.

ते हसतात. पोपटही.

त्र्याहत्तर साली शिपाई घरी आले, ते त्यांना सांगितलेलं नाही.
पुठ्ठा लाल म्हणून मधमाशीपालनाचं पुस्तक नेलं,
लेखकाचं आडनाव रशियन वाटलं म्हणून बुद्धिबळाचं,
आणि माझा भाऊ, एलबियो.
हे मात्र त्यांच्यातल्या एका पोरानं चाळलं:
दोन सावल्यांचा ग्रह, भरकटलेलं यान.
"भाकडकथा," म्हणाला, आणि गादीवर फेकलं.
तेवढं वाचलं.
मग मी ते वाचलं.

शेवटची सोळा पानं त्यात नव्हतीच,
खिळखिळ्या शिवणीतून आधीच कुठंतरी गळालेली.
इंधन तीन तासांचं, यान घिरट्या घालतंय,
आणि कप्तानबाई म्हणतात, "दार उघडा."
पान एकशे ब्याण्णव. पुढं पुठ्ठा.

बारा वर्षं मी तो पुठ्ठा वाचला.

एलबियो सुटला पंच्याऐंशीत,
दात कमी, बोलणं त्याहून कमी.
आतलं काही सांगितलं नाही.
त्याला जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

मागच्या ऑगस्टात नदीवरून असा वारा
की पुस्तकांवर विटा ठेवलेल्या,
आणि एक म्हातारा टेबलाशी आला. दार्दो नाव.
"हे ठाऊक आहे मला," म्हणाला.
"दार उघडतात, तर बाहेर ग्रह नसतोच.
एक मुलगी असते, फरशीवर पालथी पडून हेच पुस्तक वाचत,
आणि यानातले सगळे श्वास रोखून बघत राहतात
ती पान उलटते की नाही."

कुठं वाचलंत?

"वाचतोय कुठला. ऐकलं.
लिबेर्तादच्या तुरुंगात, शेजारच्या कोठडीतून.
भिंतीवर टकटक, एकेक अक्षर मोजून.
दोन हिवाळे लागले त्याला. चेहरा कधी दिसला नाही."
लिबेर्ताद म्हणजे स्वातंत्र्य. गावाचं नाव ते,
तुरुंगालाही तेच चिकटलं.
असं काही आमच्या लेखकांनी रचलं असतं
तर एचेनिके म्हणाले असते, फार ढोबळ.

मग, उलटते ती पान?

"काय माहीत. माझी कोठडी बदलली."

मी एक वीट उचलली, परत तिथंच ठेवली.

पुढं अख्खी प्रत मिळाली, ब्वेनोस आयरेसहून, टपालानं.
खरा शेवट असा: बाहेर माणसं हात हलवत उभी,
सोळा पानांत दोन लग्नं,
साठा उत्तरांची कहाणी सफळ संपूर्ण.
भिकार आहे.
एचेनिकेंना विकली. त्यांनी ती
वर्तमानपत्रात गुंडाळून नेली, कुणी बघू नये म्हणून.

पुठ्ठ्यावर संपणारी प्रत विकायला नाही.

दार्दो येतो अधूनमधून.
बोलता बोलता त्याची बोटं टेबलावर वाजतात.
परग्रहांच्या किती भाषा वाचल्या मी, त्यांचे शब्दकोशही,
ही एक येत नव्हती. शिकवा म्हटलं.
आत्ता कुठं एच अक्षरापर्यंत आलेय,
जे आमच्या भाषेत लिहितात,
उच्चारत नाहीत.