दिवाळ्याच्या खाडीत हिरावती

ओहोटीला तिचं पोट दिसतं,
कालवांनी खरजलेलं.

तळोज्याच्या शेठनं भाव सांगितला :
लोखंड किलोला एकतीस, पितळ वेगळं.
पालिकेच्या बाई म्हणाल्या,
खाली संग्रहालय करू, डेकवर हॉटेल,
कठड्याला दिव्यांच्या माळा.
पोशा तांडेल बराच वेळ गप्प. मग,
'न्या भायेर, बुरवा.
दोन वर्सान घोल ऱ्हातील तिचे पोटान.'

मी नोंदवही धरून उभा.
वडील तिच्यावर तेलवाले होते,
एडनपर्यंत चोवीस फेऱ्या.
घरी आले तरी ओरडूनच बोलायचे,
जणू भिंतीपलीकडे इंजिन चालूच आहे.
ठेवा, मोडा की बुडवा,
त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते :
आधी सांग, बॉयलर नीट विझवला का?

इंजिनघरात उतरलो.
वास नव्हता तेलाचा, चिखलाचाच.
दाबाच्या तबकडीखाली, रंगाच्या थरांतून
खिळ्यानं कोरलेलं अजून वाचता येतं :
हा काटा खोटं बोलतो. द. म.

काटा अर्ध्यावर होता.
बोटानं ठोकून पाहिला.
हलला नाही.

वर आलो तेव्हा पाणी चढत होतं,
तिघंही माझ्या वहीकडे बघत होते.
वजनाच्या रकान्यात आकडा लिहिला
आणि त्याच्यापुढे, जरा दाबून,
अंदाजे.