२१४००८९

सोहार बंदरात पहिल्या दिवशी गळ्यात आला तो बिल्ला.
एका अंगाला त्यांचे आकडे, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.
त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका.
आपलं शून्य काढलं तर ते पाच वाचतात,
हे मला पहिल्याच टॅली-शीटवर शिव्या खाऊन कळलं.

एकवीस लाख चाळीस हजार एकोणनव्वद.
विषम.
अंकांची बेरीज चोवीस, म्हणजे तीननं भाग जातो, नऊनं नाही.
मग सातनंही जातो.
मग आहेराच्या पाकिटातले असावेत तसे एकशेएक,
आणि तळाशी हजार नऊ,
ज्याला एकतीसपर्यंत कुणाचाच दात लागला नाही.
क्रेन बिघडली त्या दुपारी
कंटेनरच्या सावलीत एवढं झालं.

विभाजक सोळा.
फलज अल कबाईलच्या खोलीत आम्हीही सोळा,
दुमजली खाटा आठ.
मग काय, वाटूनच टाकले :
वरचा गुणिले खालचा, दर खाटेला उत्तर तेच.
सेल्वम ३, त्याच्याखाली घोरणारा जोबी ७,१३,३६३.
दाराजवळ इक्बाल परकार २१,
त्याच्याखाली धनबहादूर १,०१,९०९.
एवढा मोठा मला कशाला, धनबहादूर म्हणाला.
तीन पोरींची फी कोण भरतं, मी म्हटलं.
बिल्ला माझा, म्हणून अख्खी संख्या माझी,
आणि माझ्या वरच्या खाटेवर १ :
बारिसालचा शफीक, जेमतेम विशीचा.

मला सोडून पंधरांची बेरीज केली
तर नऊ लाख त्र्याऐंशी हजार पाचशे अडतीस कमी पडतात.
अशा संख्येला न्यून म्हणतात.
शब्द गणिताचा आहे, माझा नाही.

दोन वर्गांची बेरीजही होत नाही तिची.
एकशेएकची होते, दहाचा वर्ग आणि एक.
हजार नऊची होते, पंधराचा आणि अठ्ठावीसचा.
पण तीन आणि सात आडवे बसलेत.
सेल्वमला हे सांगितलं तर दोन दिवस बोलला नाही.

सफर महिन्यात कंपनी विकली गेली.
पान्यानं बोल्ट सोडवत
खाटा एकेक करून अंगणात नेल्या.
१०१ आणि २१,१८९ एकाच विमानानं गेले,
इक्बालनं जाताना इस्त्री मला दिली.

नवा बिल्ला हलका आहे.
दहा हजार सात.
पाचच आकडे, माणसंच तेवढी राहिलीत.
रात्रपाळीत शंभराच्या आतल्या
पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्या लावून पाहिल्या,
सवय म्हणून.
एकीनंही भाग जाईना.
शेवटी सत्त्याण्णव लावली :
भागाकार एकशे तीन,
बाकी सोळा.

मी पेन खाली ठेवलं.
खोलीत आता एकच खाट.

दिवा मालवू का, मास्तर,
वरून एक विचारतो.